प्रीअँपमध्ये जुने ६एसएन७ व्हॉल्व्ह लावताना

६एसएन७जीटी हा व्हॉल्व्ह, म्हणजे काचेची इलेक्ट्रॉनिक नळी, १९४०च्या सुमारास आरसीए या अमेरिकन कंपनीच्या यादीत आला. एका काचेत दोन ट्रायोड (सिग्नल मोठा करणारे घटक, प्रत्येकात कॅथोड, ग्रिड आणि प्लेट), आठ पिनांचा बेस, कॅथोड तापवणारं ६.३ व्होल्टचं फिलामेंट. दुसऱ्या महायुद्धात तो रडारमध्ये गेला, एनिआक या संगणकात हजारोंनी बसला आणि पुढे अमेरिकेत घरोघरच्या टीव्हीत लागला. माल इतका निघाला की त्यातला न वापरलेला साठा आजही हाताला लागतो. चांगल्या लाइन प्रीअँपमध्ये (पॉवर अँपच्या आधीचं, आवाजाची पातळी ठरवणारं यंत्र) हा व्हॉल्व्ह अजून वापरतात, कारण तो सरळ वागतो: विकृती कमी, गेन (सिग्नल किती पट मोठा होतो) साधारण २०, आणि पुढच्या अँपला चालवण्याइतका दम. नवा व्हॉल्व्ह काढून त्याजागी टुंग-सोल, सिल्व्हेनिया किंवा आरसीए कंपनीचा जुना लावला की आवाज बदलतो हे खरं आहे.

पण तो का बदलला हे ओळखणं अवघड असतं. एक कारण व्हॉल्व्हची घडण. दुसरं त्याची आजची तब्येत, म्हणजे किती झिजलाय, कुठे गळतोय, दोन ट्रायोड सारखे आहेत की नाहीत. तिसरं कारण नुसती पातळी: एक जोडी दुसरीपेक्षा किंचित मोठी वाजते आणि कान मोठ्या आवाजाला चांगला म्हणतो. दुसरं आणि तिसरं कारण आधी निकालात काढलं, तरच पहिलं ऐकू येतं. पुढची सगळी खटपट त्यासाठी आहे.

आधी आपला प्रीअँप ओळखा

सर्किट डायग्राम मिळवा. मिळत नसेल तर निर्मात्याला तीन प्रश्न विचारा: प्लेट सप्लाय किती व्होल्ट, फिलामेंट समांतर जोडलेत की एकापुढे एक, आणि कोणता व्हॉल्व्ह गेनचा, कोणता आउटपुटचा. या तीन उत्तरांवर कोणता जुना व्हॉल्व्ह चालेल हे ठरतं.

ठरावीक सर्किट असं असतं. सप्लाय ३०० व्होल्ट, गेन स्टेजच्या प्लेटला ४७ किलोओहमचा रेझिस्टर, कॅथोडला १ किलोओहम. अशा स्टेजमधून सुमारे ३.७ मिलिअँप करंट जातो, म्हणजे कॅथोडवर ३.७ व्होल्ट आणि प्लेटवर साधारण १२६ व्होल्ट दिसतात. त्याच्यापुढे कॅथोड फॉलोअर (गेन न वाढवता पुढच्या अँपला चालवणारी आउटपुट स्टेज) असेल आणि तो प्लेटलाच थेट जोडलेला असेल, तर त्याचा कॅथोड १३० व्होल्टच्या आसपास तरंगतो.

हा शेवटचा आकडा महत्त्वाचा. जुन्या साध्या ६एसएन७जीटीमध्ये फिलामेंट आणि कॅथोड यांच्यात ९० व्होल्टपेक्षा जास्त फरक चालत नाही. नंतरच्या जीटीए आणि जीटीबीत ही मर्यादा वाढवली, तरी फिलामेंट कॅथोडपेक्षा वर असताना डीसी फरक १०० व्होल्टच्या आतच ठेवायचा असतो. म्हणून विचारी डिझायनर फिलामेंटची लाइन ग्राउंडला न बांधता ६०-८० व्होल्टवर उचलून ठेवतो. तुमच्या प्रीअँपमध्ये ती उचललेली नसेल आणि फॉलोअरचा कॅथोड १३० वर असेल, तर त्या जागी १९४०च्या दशकातला दुर्मीळ व्हॉल्व्ह लावू नका. आधी गुणगुण सुरू होते, मग खरखर, आणि एक दिवस आतलं इन्सुलेशन निकामी होतं. जुना माल गेन स्टेजमध्ये लावा. आवाजावर सर्वात जास्त परिणाम तिथलाच असतो. फॉलोअरमध्ये नवा किंवा साधा जीटीबी राहू द्या.

फिलामेंटचा व्होल्टेज हा आपल्याकडे वेगळा जपायचा मुद्दा. सॉकेटच्या ७ आणि ८ नंबरच्या पिनांवर ६.३ व्होल्ट हवेत, ६.० ते ६.६ पर्यंत ठीक. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचा असेल आणि रात्री उशिरा लाइन २५० वर गेली, तर ६.३चे जवळजवळ ६.८५ होतात. फिलामेंटला रेग्युलेटर नसलेल्या प्रीअँपमध्ये रोज असं होत राहिलं तर कॅथोड लवकर झिजतो. २२० व्होल्टचं टॅपिंग (ट्रान्सफॉर्मरवरची लाइनच्या व्होल्टेजची जोडणी) असलेला परदेशी प्रीअँप २४०वर चालवणं हीही तीच गोष्ट. रात्री अकरानंतर एकदा मोजून बघा. जास्त येत असेल तर चांगला स्टॅबिलायझर लावा, किंवा तंत्रज्ञाकडून टॅपिंग बदलून घ्या. महागडा व्हॉल्व्ह आणण्याआधी हा खर्च करा.

काय बसतं आणि काय चालतं

सॉकेटात बसणारा प्रत्येक व्हॉल्व्ह चालतोच असं नाही. इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

६एसएन७जीटी, जीटीए, जीटीबी, अमेरिकन लष्कराचा व्हीटी-२३१, ६एसएन७डब्ल्यू, ब्रिटिश बी६५ आणि रशियन ६एन८एस हे सगळे फिलामेंटला ०.६ अँपियर घेतात, पिना सारख्या. हे एकमेकांच्या जागी चालतात. जीटीची प्लेट ३०० व्होल्ट आणि २.५ वॅटपर्यंत सहन करते, जीटीबीची ४५० व्होल्ट आणि ५ वॅट. वरच्या उदाहरणातल्या गेन स्टेजमध्ये प्लेटवर अर्धा वॅटसुद्धा पडत नाही, त्यामुळे तिथे कोणताही चालेल. पण सप्लाय ३५०-४०० व्होल्टचा असेल तर आधी आकडे तपासा, कारण चालू करतानाच्या क्षणी गार व्हॉल्व्हवर पूर्ण सप्लाय येतो.

आरसीएचा लाल बेसचा ५६९२ किमतीने मोठा. त्याची रचना दहा हजार तास टिकण्यासाठी केली होती, आतली बांधणी फार मजबूत आहे. पण त्याची मर्यादा २७५ व्होल्ट आणि १.७५ वॅट, म्हणजे साध्या जीटीपेक्षाही कमी. महाग आहे म्हणून जास्त सोसेल असं धरून चालू नका.

ईसीसी३३ हा मुलार्ड या ब्रिटिश कंपनीचा देखणा व्हॉल्व्ह. पिना त्याच, पण फिलामेंट ०.४ अँपियर आणि गेन ३५च्या आसपास. समांतर फिलामेंट असेल तर ट्रान्सफॉर्मरला काही त्रास नाही, फक्त आवाजाची पातळी वाढते. मात्र दोन व्हॉल्व्हचे फिलामेंट एकापुढे एक जोडून १२.६ व्होल्ट दिले असतील, तर एका जागी ईसीसी३३ आणि दुसऱ्या जागी ६एसएन७ लावू नका. करंट एकच वाहतो, व्होल्टेज सारखा वाटला जात नाही: ईसीसी३३वर साडेसात व्होल्ट चढतात आणि ६एसएन७ला पाच मिळतात. एक भाजतो, दुसरा उपाशी राहतो. ईसीसी३२ची भूक उलट्या बाजूची, ०.९५ अँपियर, चार जागांना चार लावले तर २.४ अँपियरच्या जागी ३.८ लागतात आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. ६बीएल७ आणि ६बीएक्स७ दीड अँपियर घेतात, ते या कामाचे नाहीतच. ६एसएल७च्या पिना जुळतात, पण गेन ७० आणि चाल पूर्ण वेगळी. ६एसएन७साठी आखलेल्या सर्किटमध्ये तो लावू नये.

१२एसएन७ म्हणजे आतून ६एसएन७च, फक्त फिलामेंट १२.६ व्होल्टचं. ६.३ दिले तर तो नीट तापणार नाही आणि आवाज मलूल, फाटका येईल. काही प्रीअँपमध्ये फिलामेंटचा स्विच किंवा जंपर असतो, तिथे हा व्हॉल्व्ह फार फायद्याचा: माल तोच, मागणी कमी. तसाच ६एफ८जी. आतले ट्रायोड ६एसएन७चेच, पण पिना वेगळ्या आणि एक ग्रिड डोक्यावरच्या टोपीला. अ‍ॅडॅप्टर लागतो, टोपीची तार शिल्डेड हवी, नाहीतर ती ५० हर्ट्झची गुणगुण उचलते. थेट जोडलेल्या फॉलोअरमध्ये त्या टोपीवर शंभरावर व्होल्ट असू शकतात, हेही ध्यानात ठेवा. उंच बाटलीचे व्हॉल्व्ह झाकणाखाली मावतात का ते पट्टीने मोजा; काचेच्या वर दोन-तीन सेंटीमीटर मोकळी हवा हवी.

विकत घेताना

काचेवरच्या छापावर विश्वास ठेवू नका. जुना छाप बोटानेही पुसला जातो आणि नवा छाप कोणीही मारू शकतो. शिवाय त्या काळात कंपन्या एकमेकींचा माल आपल्या नावाने विकत. अमेरिकन व्हॉल्व्हवर तीन आकडी कारखाना क्रमांक शोधा: २७४ आरसीए, ३१२ सिल्व्हेनिया, ३२२ टुंग-सोल, १८८ जनरल इलेक्ट्रिक, २८० रेथिऑन. त्यापुढचे चार आकडे बहुतेक वेळा वर्ष आणि आठवडा सांगतात. ५३१४ म्हणजे १९५३चा चौदावा आठवडा. वर एक नाव आणि खाली ३१२ असेल तर माल सिल्व्हेनियाचा.

त्याहून भरवशाची आतली बांधणी. टुंग-सोलच्या सर्वात मागणी असलेल्या ६एसएन७जीटीच्या प्लेट गोल नळीसारख्या असतात, काच बऱ्याचदा आतून काळी. सिल्व्हेनियाच्या १९५०च्या दशकाच्या सुरुवातीच्या जीटीत वरून पाहिलं तर टी आकाराच्या प्लेट आणि त्यांना तीन छिद्रं दिसतात. आरसीएच्या युद्धकाळातल्या व्हीटी-२३१ची काच आतून करडी, केन-रॅडची बऱ्याचदा काळी. विक्रेत्याकडे प्लेटचा, गेटरचा (काचेच्या आतल्या चंदेरी थराचा) आणि बेसचा जवळून काढलेला फोटो मागा. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरीकडे बघा.

टुंग-सोल हे नाव आज रशियात सारातोव्हला बनणाऱ्या नव्या व्हॉल्व्हवरही असतं. तो वाईट नाही, पण जुन्या टुंग-सोलशी त्याचं नातं फक्त नावाचं. मुलार्डचंही तसंच.

गेटर म्हणजे काचेच्या आतला चंदेरी आरसा. चकचकीत आणि कडा स्वच्छ असतील तर उत्तम. कडा तपकिरी, पातळ झाल्या असतील तर बराच वापर झाला आहे. पांढरा, दुधाळ झाला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह मेला. काळ्या काचेत गेटर दिसत नाही, म्हणून तिथे मोजणीचे आकडे मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

मोजणी कोणत्या यंत्रावर केली ते विचारा. फक्त एमिशन (कॅथोडमधून किती करंट निघतो) मोजणारं स्वस्त टेस्टर जवळजवळ सगळ्यांना पास करतं. ट्रान्सकंडक्टन्स (ग्रिडच्या व्होल्टेजने प्लेटचा करंट किती बदलतो) मोजणारं यंत्र हवं: हिकॉक, टीव्ही-७, एव्हीओ. दोन्ही ट्रायोडचे आकडे वेगवेगळे मागा आणि त्यांच्यात दहा टक्क्यांहून जास्त फरक नसावा. शॉर्ट, गळती आणि गॅस या तीन चाचण्यांचं उत्तरही मागा. एवढं करूनही व्हॉल्व्ह किती शांत आहे हे कोणतंही टेस्टर सांगत नाही. ते प्रीअँपमध्येच कळतं, म्हणून परत घेण्याची मुदत लिहून घ्यावी.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा जुन्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांत व्हॉल्व्ह विचारले तर भारत इलेक्ट्रॉनिक्सचे डबे पुढे येतात. बंगळूरच्या त्या कारखान्यात १९६१पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनले आणि माल चांगला होता; पण ईएल८४सारखे ते नऊ पिनांचे प्रकार, या सॉकेटात बसणार नाहीत. ६एसएन७ शोधायचा तर मोडीत निघालेले जुने ऑसिलोस्कोप, सिग्नल जनरेटर, रेग्युलेटेड पॉवर सप्लाय पाहावेत.

पहिल्या खरेदीला दुर्मीळ गोल प्लेटच्या मागे लागू नका. सिल्व्हेनिया किंवा आरसीएची १९५०-६०च्या दशकातली साधी जीटीबी जोडी घ्या. रशियन ६एन८एससुद्धा पैशाच्या मानाने भरपूर देतो.

टेबलावरची तपासणी

व्हॉल्व्ह नेहमी बेसला धरून उचला. काच आणि बेस यांच्यातला डिंक सत्तर वर्षांत सुटलेला असतो. काच फिरली की आतल्या तारा पिळवटून एकमेकींना चिकटतात. बेस हलत असेल तर फिरवून बघू नका. सांध्यात पातळ सुपरग्लूचे दोन-तीन थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. बेसच्या मधला मार्गदर्शक खुंटा तुटलेला असेल तर तो व्हॉल्व्ह नाकारा. खुंटा नसला तर चुकीच्या पिनांत घालणं एका क्षणाचं काम, आणि मग फिलामेंटवर प्लेटचा सप्लाय जाऊ शकतो.

मल्टिमीटर ओहमवर ठेवून पिन ७ आणि ८ मोजा. गार फिलामेंट दीड-दोन ओहमच्या आसपास दाखवतं. (गरम झाल्यावर तेच साडेदहा होतं.) बाकी कोणत्याही दोन पिनांत काहीच जुळायला नको: १, २, ३ एका ट्रायोडच्या ग्रिड, प्लेट, कॅथोड, ४, ५, ६ दुसऱ्याच्या. कुठेही कंटिन्युइटी आली तर व्हॉल्व्ह लावायचा नाही.

मग पिना. कोकणात, गोव्यात, मुंबईत दमट हवेने त्यांच्यावर काळपट थर चढतो. बारीक स्क्रबरच्या तुकड्याने पिना हलक्या घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या. अल्कोहोल काचेच्या छापाला लागू देऊ नका, छाप क्षणात जातो. जुन्या ऑक्टल (आठ पिनांच्या) व्हॉल्व्हचा एक कायमचा रोग म्हणजे पिनेच्या टोकाचा सोल्डरचा डाग सुटणं. लक्षण असं की व्हॉल्व्ह गरम झाला की आवाज जातो, बेसला टिचकी मारली की येतो. पिना खाली लोंबतील असा व्हॉल्व्ह धरा, टोकाला थोडा फ्लक्स लावा, ४० वॅटची सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंद टेकवा, किंचित सोल्डर आत ओढलं गेलं की बास. मेलेले म्हणून टाकलेले कित्येक व्हॉल्व्ह एवढ्याने जिवंत होतात. पिनेबाहेर सोल्डरचा फुगवटा राहू देऊ नका, तो सॉकेटची पकड सैल करतो.

बदलण्याची रीत

प्रीअँपच्या आत २५० ते ३५० व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये राहतात. आत काम करायची सवय नसेल तर व्हॉल्व्ह वरूनच, झाकणाबाहेरून बदलता येतात तेवढंच करा आणि मोजणी जाणकाराकडून करून घ्या.

१. आधी पॉवर अँप बंद करा, मग प्रीअँप. प्लग भिंतीतून काढा. दहा मिनिटं थांबा. व्हॉल्व्ह गार होतो आणि सप्लाय उतरतो. चालू प्रीअँपमधून व्हॉल्व्ह कधीही ओढू नका.

२. झाकण उघडलं असेल तर मुख्य कॅपॅसिटरवर डीसी व्होल्ट मोजा. वीसच्या वर असतील तर २२ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी जोडून पंधरा सेकंद ठेवा, पुन्हा मोजा.

३. बेस धरून सरळ वर ओढा, अगदी थोडं पुढेमागे हलवत. गोल फिरवू नका. काढलेल्या व्हॉल्व्हवर जागेचा नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधा.

४. नवा व्हॉल्व्ह खुंटा खाचेत बसल्याची खात्री करून सरळ दाबा. सॉकेट सैल लागलं तर बाहेर काढा आणि दाभणाच्या टोकाने सॉकेटची पाती आत सरकवा, अर्थात सप्लाय शून्य असताना.

५. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून प्रीअँप चालू करा. पॉवर अँप बंदच. पाच मिनिटं नुसतं बघा. दोन्ही फिलामेंट मंद नारिंगी दिसायला हवेत. प्लेट लाल होणं, आत निळसर ठिणगी, जळका वास यातलं काहीही दिसलं तर ताबडतोब बंद. मुलार्डचे काही व्हॉल्व्ह चालू होताना क्षणभर पांढरे चमकतात, त्याला घाबरू नका.

जाणकारांसाठी पुढची पायरी कॅथोडचा व्होल्टेज. पिन ३ आणि ६ या कॅथोडच्या, पण त्यांच्या शेजारीच २ आणि ५ या प्लेटच्या पिना. हातातली सुई घसरली तर शॉर्ट ठरलेला. म्हणून बंद असताना क्लिप लावा, मग चालू करा, हात मागे घ्या. आधीच्या व्हॉल्व्हचे चारही आकडे वहीत लिहिलेले असावेत. तिथे ३.७ व्होल्ट होते आणि जुन्याने ३.५ ते ३.९ दाखवले तर तब्येत चांगली. डावा ३.७ आणि उजवा २.९ असेल तर उजवा थकलाय, आणि तुम्ही त्याला कितीही ‘मखमली’ म्हणालात तरी ती झीज आहे.

पहिले तास

साठ-सत्तर वर्षं पडून राहिलेल्या व्हॉल्व्हमध्ये थोडा गॅस सुटलेला असतो. गरम झाल्यावर गेटर तो हळूहळू शोषून घेतो. म्हणून पहिला दिवस पॉवर अँप बंद ठेवून प्रीअँप सात-आठ तास चालू ठेवावा, तुम्ही घरात असताना. त्यानंतर पॉवर अँप लावा. पहिल्या वीस-तीस तासांत आवाज थोडाफार सरकतो, खरखर कमी होते. तोवर निकाल देऊ नका. नव्याची नवलाई ओसरायलाही तेवढा वेळ लागतोच.

रोजचा क्रम पक्का ठेवा: चालू करताना प्रीअँप आधी आणि एक मिनिटाने पॉवर अँप, बंद करताना उलट. आउटपुट कॅपॅसिटर भरताना प्रीअँप मोठा धक्का देतो आणि तो थेट स्पीकरला जाऊ शकतो.

आवाज आणि त्यांची कारणं

खराब वाटणारा आवाज आला की पहिली कृती एकच: बंद करून डावा-उजवा व्हॉल्व्ह अदलाबदल करा. आवाज व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर दोष व्हॉल्व्हचा, जागीच राहिला तर सॉकेट किंवा सर्किटचा.

५० हर्ट्झची खालची गुणगुण, गरम होत जाईल तशी वाढणारी, ही बहुतेक फिलामेंट-कॅथोड गळती. १०० हर्ट्झची खरबरीत घरघर असेल तर सप्लायकडे बघा. एकसारखी सळसळ थोडी असणारच. एकाच बाजूला जास्त असेल तर तो व्हॉल्व्ह गेन स्टेजमधून काढून फॉलोअरमध्ये लावा (वर सांगितलेली फिलामेंट-कॅथोडची मर्यादा पाळली जात असेल तरच), तिथे पुढे गेन नसल्याने ऐकू येणार नाही. अधूनमधून फटफट होत असेल तर आधी पिना आणि सॉकेट पुन्हा साफ करा. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना अचानक खरखर सुरू झाली, आणि ती आधीच्या व्हॉल्व्हला नव्हती, तर ग्रिडमधून करंट गळतोय. हा व्हॉल्व्ह परत करायचा.

मायक्रोफोनिक म्हणजे व्हॉल्व्हच्या आतले भाग सैल होऊन धक्क्याला वाजणं. नेहमीच्या व्हॉल्यूमवर पेन्सिलच्या रबराच्या टोकाने बेसला हलकं टोका. बारीक ‘टक’ सगळ्यांत येते. घंटेसारखा नाद उमटून लांबत गेला तर तो गेन स्टेजला नालायक. काचेवर उष्णता सोसणारी सिलिकॉनची रिंग चढवली तर नाद कमी होतो, पण काही व्हॉल्व्हचा आवाज रिंगमुळे कोंदट वाटतो, काढून-घालून ठरवा. चार व्हॉल्व्ह असतील तर सर्वात शांत दोन गेन स्टेजला, मग उरलेले.

ऐकणं

पातळी जुळवल्याशिवाय तुलना नको. ४०० हर्ट्झचा टोन लावा, मल्टिमीटर एसीवर ठेवून पॉवर अँपच्या स्पीकर टर्मिनलवर समजा १.०० व्होल्ट येईल असा व्हॉल्यूम ठेवा आणि बटणावर खूण करा. व्हॉल्व्ह बदलल्यावर पुन्हा १.००वर आणा. १.०२ आले तरी फरक ०.१७ डेसिबल, तो चालेल. १.०८ म्हणजे पाऊण डेसिबलच्या जवळ. तेवढ्याने जुना व्हॉल्व्ह ‘जिवंत’ वाटू लागतो. ४०० हर्ट्झच घ्यायचं कारण स्वस्त मल्टिमीटर त्यावरच्या टोनला चुकतात. डाव्या-उजव्या बाजूचाही फरक याच मोजणीत दिसतो.

एका वेळी एकच जागा बदला: गेन स्टेजची जोडी, बाकी सगळं तसंच. त्या दिवशी केबल, स्पीकरची जागा, काही हलवायचं नाही. ऐकायला तीन-चार ओळखीचे तुकडे पुरतात, आणि हिंदुस्तानी संगीत या कामाला फार उपयोगी पडतं. तानपुऱ्याच्या जवारीत सुरावर सूर उमलत जातात. झिजलेल्या व्हॉल्व्हवर ते एकमेकांत मिसळून नुसता गुंजारव राहतो. डग्ग्याचा घुमारा कुठे सुरू होतो आणि कुठे थांबतो ते ऐका. खर्ज जास्त वाटला पण थांबा सैल झाला तर तो फायदा नव्हे. सतारीच्या चिकारीत कडकपणा आला का ते बघा. आणि गायकाचा श्वास, स-श ही अक्षरं.

कान ज्या ढोबळ फरकांवर सहसा एकमत होतात ते असे. करड्या काचेचा आरसीए गोड आणि भरलेला, वरची टोकं मऊ. सिल्व्हेनिया उजळ, तपशील पुढे आणणारा. आधीच चमकदार असलेल्या स्पीकरवर तो बोचू शकतो. केन-रॅडचा खर्ज दमदार. गोल प्लेटच्या टुंग-सोलमध्ये मधलं सप्तक मोकळं आणि आवाजाला मागेपुढे जागा. हे स्वभाव सर्किटवर अवलंबून असतात. ज्या प्रीअँपमध्ये फीडबॅक (आउटपुटचा काही भाग परत इनपुटला देणं) भरपूर आहे तिथे फरक बारीक राहतो, त्याला व्हॉल्व्ह जबाबदार नाही. उलट साध्या, फीडबॅक नसलेल्या स्टेजमध्ये तो पहिल्या मिनिटात कळतो.

एक आठवडा जुनी जोडी ठेवा, मग आधीची नवी जोडी परत लावा. चांगला व्हॉल्व्ह आल्याचं पहिल्या दिवशी जितकं जाणवतं त्याहून तो गेल्यावर जास्त जाणवतं. परत लावल्यावर काहीच खटकलं नाही तर जुनी जोडी विकून टाका. त्या पैशात स्टॅबिलायझर किंवा चांगला आउटपुट कॅपॅसिटर येतो.

वहीत प्रत्येक व्हॉल्व्हचा कारखाना क्रमांक, वर्ष, दोन्ही कॅथोडचे व्होल्टेज, कोणत्या जागी किती शांत आणि अंदाजे तास एवढं लिहा. सहा महिन्यांनी कॅथोड पुन्हा मोजा. आकडा पंधरा-वीस टक्क्यांनी उतरला असेल तर शेवट जवळ आलाय. काढलेले व्हॉल्व्ह कोरड्या डब्यात, फोममध्ये, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. पुडी दर पावसाळ्यात बदला.